जंगल बुक (२०१६) : जंगल दिसलं, पण गाव कुठे गेलं?

पारिजात२२ :

जॉन फॅवरोचा २०१६चा जंगल बुक परवा पोरांबरोबर परत बघितला (तेव्हा थिएटरात पण बघितलेला, थ्रीडीत, आपल्याकडे तो अमेरिकेच्या आठवडाभर आधी ८ एप्रिललाच लागला होता) आणि त्यानंतर लगेच किपलिंगचं मूळ पुस्तक हातात आलं ते वाचून काढलं, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात अडकून बसलीये म्हणून धागा काढतेय. १८९४च्या पुस्तकाला स्पॉयलर अलर्ट लावणार नाही, माफ करा.

सिनेमा दिसायला भारी आहे यात वादच नाही. दुष्काळात नदी आटते, पाण्यातला खडक उघडा पडतो आणि वाघ-हरीण सगळे एका पाणवठ्यावर येतात, तो सीन लागला की आमच्याकडे अजूनही पॉपकॉर्नचा आवाज बंद होतो. (हे प्रकरण दुसऱ्या जंगल बुकातलं आहे, १८९५च्या. म्हणजे लिहिणाऱ्यांनी दोन्ही पुस्तकं नीट वाचलेली.) म्हणूनच जास्त राग येतो, कारण दोन्ही पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे माहीत असणारच की मोगली गावात राहायला जातो.

हो, राहायला. शेरखानला मारायच्या आधी. मेसुआ नावाची बाई आहे, तिचा नत्थू लहानपणी वाघाने नेलेला, तिला वाटतं हाच तो. ती त्याला दूध देते, घरात झोपवते, याला छपराखाली झोप येत नाही म्हणून हा खिडकीतून बाहेर जाऊन गवतात झोपतो. मग बोली शिकतो, पैसे म्हणजे काय ते डोक्यात शिरत नाही, जातपात तर अजिबातच नाही, कुंभाराचं गाढव खड्ड्यात घसरलं तर हा शेपटीला धरून बाहेर काढतो आणि गावात बोंब. शेवटी त्याला म्हशी राखायला लावतात आणि त्याच कळपाचे दोन भाग करून, दरीच्या दोन तोंडांनी आत घालून तो शेरखानला तुडवून मारतो. काय जबरदस्त सीन झाला असता पडद्यावर! आणि एवढं झाल्यावर गावकरी काय करतात, तर चेटक्या म्हणून त्याला दगड मारून हाकलतात. लांडग्यांनी आधीच हाकललेलं असतं. ना इकडचा ना तिकडचा.

सिनेमात गाव म्हणजे अंधारात लांबून दिसणारा जाळ. मोगली येतो, जळतं लाकूड उचलतो, पळतो. गावातल्या एकाही माणसाशी एक शब्द बोलत नाही. शेवटी शेरखान आगीत पडतो, हत्ती आग विझवतात आणि हा बघीरा-बल्लूबरोबर झाडावर मजेत.

आणि हे मुंबईत बसून बघताना मला जास्तच खुपतं. आम्ही मुलुंडला, डोंगराच्या बाजूला. सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून बिबट्याचा सीसीटीव्ही व्हिडिओ येतो आणि मग दोन दिवस नुसता गोंधळ, भिंत वाढवा, लाइट लावा, वनखात्याला फोन करा. माणसाची हद्द कुठे संपते आणि जंगलाची कुठे सुरू होते हा आपला इथला रोजचा प्रश्न, आणि सिनेमाने नेमका तोच भाग गाळला. कोणाला असं वाटलं का, की मीच जास्त विचार करतेय?

लोकल_८_४२ :

ताई, जास्त विचार करताय :)

लहान मुलांचा सिनेमा आहे हो, एक तास पंचेचाळीस मिनिटांत लांडगे, अजगर, माकडं, वाघ सगळं बसवायचं, त्यात गाव कुठे घालणार. आणि मी तर हिंदीत बघितला, त्याची मजाच वेगळी होती. शेरखानला नाना पाटेकर! १९९३ला रविवारी सकाळी दूरदर्शनवर जी जपानी कार्टून मालिका लागायची त्यातही शेरखानचा आवाज नानाच. तेव्हा आंघोळ न करता टीव्हीसमोर बसलेली आख्खी पिढी २०१६ला आपापली पोरं घेऊन थेटरात गेली फक्त त्या आवाजासाठी. बल्लूला इरफान खान, तो पण पंजाबी ढंगात, बघीरा ओम पुरी, 'का' अजगर प्रियांका चोप्रा. त्यात गुलजार आणि विशाल भारद्वाजचं ते चड्डीवालं गाणं परत करून प्रमोशनला वापरलं. त्या वेळपर्यंत भारतात सगळ्यात जास्त कमावलेला हॉलिवूडचा सिनेमा उगाच नाही झाला.

इंग्लिशमधला इद्रिस एल्बा चांगलाच आहे पण नानाचा शेरखान धमकी देतो तेव्हा आपले शेजारचे काका दम देतायत असं वाटून जास्त भीती वाटते.

मीनल_ठाणे :

नानाला +१००. इरफानचा बल्लू आता ऐकवत नाही मात्र, रडू येतं.

बोरिवलीचा_बोका :

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं.

प्राण्यांच्या बाबतीत बोलायचं तर दोघांनी, किपलिंगने आणि फॅवरोने, भरपूर सूट घेतलीये. आपल्याकडचा लांडगा मुख्यतः माळरानाचा प्राणी, सोलापूर-नगरकडे मेंढपाळांच्या मागे फिरणारा. सिनेमातलं अस्वल हिमालयातल्या तपकिरी अस्वलासारखं दिसतं, पुस्तक जिथे घडतं त्या मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलात भेटेल ते काळं, केसाळ, छातीवर पांढरा व्ही असलेलं. किंग लुई तर पुस्तकात नाहीच, तो १९६७च्या डिस्ने कार्टूनमधला, तिथे ओरांगउटान होता आणि ओरांगउटान भारतात नसतो, मग २०१६ला त्यांनी शक्कल लढवून त्याला जायगँटोपिथेकस केला, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेलं अवाढव्य माकड. चूक दुरुस्त करायला नामशेष प्राणी आणला, याला म्हणतात हौस.

पण पारिजात यांचा मुद्दा मला पटला, जरा लांबण लावतो.

बघीरा म्हणजे कोण? काळा बिबट्या. काळा बिबट्या ही वेगळी जात नाही, आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फिरतो तोच बिबट्या, फक्त रंगद्रव्य जास्त. ताडोबात २०१८पासून लोकांना दिसतोय. पुस्तकात एक तपशील आहे जो सिनेमात नाही : बघीरा माणसांत जन्मलाय, उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात, आणि गळ्यापाशी पट्ट्याची खूण आहे. म्हणून तो मोगलीला ओळखतो, म्हणून त्याला माणसाचे डावपेच कळतात. जंगल आणि वस्ती यांच्या मधोमध उभा असलेला प्राणी किपलिंगने बिबट्याच निवडला हे मला भन्नाट वाटतं, कारण खरा बिबट्या असाच आहे. वाघाला मोठं जंगल लागतं. बिबट्या ऊसात राहतो, चहाच्या मळ्यात राहतो, आरेच्या तबेल्यांमागे राहतो. इथे तर भटकी कुत्री हा त्याच्या जेवणाचा मोठा भाग, आणि कुत्री कशामुळे, तर आपण टाकलेल्या कचऱ्यामुळे. म्हणजे आपण कचरा टाकतो, कुत्री वाढतात, बिबट्या कुंपणापाशी येतो आणि मग आपण ग्रुपवर लिहितो की बिबट्या आमच्या हद्दीत आला.

ज्यांना खरी गोष्ट हवी त्यांनी आजोबा नावाच्या बिबट्याबद्दल वाचा. २००९ला विहिरीत पडला होता, वनखाते आणि विद्या अत्रेय यांच्या टीमने कॉलर लावून माळशेजला सोडला, तर पठ्ठ्या शंभरपेक्षा जास्त किलोमीटर चालत, हायवे ओलांडत इकडे मुंबईच्या बाजूला आला. वाटेत कोणावर हल्ला नाही. त्याच्यावर मराठी सिनेमा पण आला २०१४ला. २०११ला हायवेवर गाडीच्या धडकेत गेला. त्याच्या गोष्टीत जंगलापेक्षा गावंच जास्त आहेत.

खडूस_दादरकर :

सगळे फार हळवे होतायत म्हणून थोडं पाणी टाकतो.

पारिजात यांनी पुस्तक वाचलं पण पुढचं प्रकरण सांगितलं नाही. गावाने मोगलीला हाकललं, त्यानंतर काय? मेसुआ आणि तिचा नवरा यांना गाव बांधून ठेवतं, चेटकीण म्हणून छळून मारायचं ठरतं. मोगली त्यांना सोडवतो आणि ते पळतात कुठे? खान्हीवाड्याला, कारण तिथे इंग्रज आहेत आणि इंग्रज असं करू देत नाहीत म्हणे. मग मोगली हत्तींना बोलावतो आणि हाथी आणि त्याची पोरं शेतं, घरं सगळं तुडवून गावाचं नामोनिशाण मिटवतात. बघा, सिनेमात हत्ती आग विझवतात, पुस्तकात हत्ती गाव पुसतात. किपलिंगच्या गावातला माणूस एकतर भोंदू नाहीतर लोभी नाहीतर भित्रा. बलदेव शिकाऱ्याला वाघाच्या कातड्यावरचं सरकारी शंभर रुपये बक्षीस हवं. ते बक्षीस कोण देत होतं? तेच सरकार. वाघ मारायला पैसे वाटणारा साहेब गोष्टीत न्यायी आणि गावकरी मात्र रानटी. वा.

हे जसंच्या तसं पडद्यावर आणलं असतं तर तुम्हीच धागा काढला असता की भारतीय खेडं किती घाणेरडं दाखवलंय. फॅवरोने गाव गाळलं, उपकारच केले. गोऱ्याचं ओझं ('व्हाईट मॅन्स बर्डन', त्याचीच कविता) वाहणाऱ्या कवीचं एवढं काय मनावर घ्यायचं.

मीनल_ठाणे :

बाप रे, हे प्रकरण माहीत नव्हतं.

काका, पण तो इथलाच ना हो? म्हणजे जन्म मुंबईचा.

खडूस_दादरकर :

जन्म इथलाच, ३० डिसेंबर १८६५, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. बाप लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायचा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर ती शेतकरी-बाजाराची दगडी शिल्पपट्टी आहे ना, ती लॉकवुडचीच. रोज हजारो लोक त्याखालून आंबे आणि पेटशॉपचे पोपट घेऊन जातात, कोणी मान वर करत नाही. जेजेत आता जो बंगला दाखवतात तो नंतरचा, त्याच जागेवर बांधलेला.

पण इथे जन्मला म्हणून सिवनी पाहिली असं नाही. जंगल बुक लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये, बाहेर बर्फ पडत असताना. सिवनीला गेलेलाच नव्हता, दुसऱ्यांची पुस्तकं वाचून आणि ऐकीव माहितीवर जंगल उभं केलं. तेव्हा लॉस एंजेलिसच्या गोदामात जंगल बांधणाऱ्या फॅवरोला नावं ठेवू नका, परंपरा जुनीच आहे.

पारिजात२२ :

काका, पुढचं प्रकरण मुद्दाम सांगितलं नव्हतं कारण तुम्ही येणार हे माहीत होतं :)

तुमचं सगळं मान्य आहे, तरी निष्कर्ष मान्य नाही. किपलिंगचं गाव वाईट होतं म्हणून गावच काढून टाकायचं? मग रीटेलिंग म्हणजे काय, फक्त फर चांगली करणं? शेरखान बदलला की त्यांनी. पुस्तकातला जन्मतः लंगडा, त्याची आईच त्याला लंगडा म्हणून चिडवते, भित्रा, गुरं मारणारा. सिनेमातला आगीने चेहरा भाजलेला, एक डोळा गेलेला, त्याचा राग कुठून आला ते कळतं. 'का' पुस्तकात मोगलीचा दोस्त, माकडांच्या तावडीतून सोडवणारा, सिनेमात गिळायला निघालेली. लांडग्यांचा म्होरक्या अकेला सिनेमात मध्यावरच मरतो. एवढं सगळं बदलायची हिंमत होती तर गाव पण बदलायचं होतं.

आणि बदलायला फार लांब जायला नको होतं. नॅशनल पार्कातले, आरेतले वारली पाडे बघा. वाघोबा त्यांचा देव. वाघबारसेला त्याची पूजा होते, नैवेद्य दाखवतात, आमच्या गुरांना आणि पोरांना सांभाळ म्हणतात. बिबट्याची भीती नाही असं नाही, भीती आहेच, माणसं गेलीयेत तिथे, लहान मुलं गेलीयेत. पण भीती वाटते म्हणून त्याला संपवा असं न म्हणता त्याच्याशी काहीतरी ठरवून राहायचं, असं ते गाव आहे. असं एक गाव पडद्यावर आलं असतं तर मोगलीला खरंच निवडायला लागलं असतं. सिनेमात तो जंगलात राहतो कारण दुसरीकडे जायला जागाच ठेवली नाहीये, आणि तो शेवट आपल्याला त्याचा स्वतःचा निर्णय म्हणून विकलाय.

(आणि व्हाईट मॅन्स बर्डन वगैरे माहितीये काका, पण मेसुआचं दूध पण त्यानेच लिहिलंय.)

बोरिवलीचा_बोका :

वाघोबाच्या मुद्द्याला +१. फक्त एक, ते फार गोडगोड करू नका. पाड्यात रात्री लाइट नसतो, शौचाला बाहेर जावं लागतं, बहुतेक अपघात अशा वेळी होतात. देव मानला म्हणून प्रश्न सुटत नाही, लाइट आणि संडास लागतो.

पारिजात२२ :

खरंय. ते पण सिनेमात यायला हवं होतं म्हणते मी.

रेंडरबाज :

मी गोरेगावला व्हीएफएक्समध्ये आहे (या सिनेमावर काम केलेलं नाही, स्पष्ट केलेलं बरं), तर जरा आतल्या बाजूने लिहितो.

अख्ख्या सिनेमात पडद्यावर सतत दिसणारं खरं माणूस एकच, नील सेठी. बाकी निळ्या पडद्यांमध्ये बांधलेला जमिनीचा छोटा तुकडा, तेवढ्यावर तो चालतो, चढतो. मुलाला नजर कुठे ठेवायची ते कळावं आणि कोणाशी तरी बोलल्यासारखं वाटावं म्हणून जिम हेन्सनच्या वर्कशॉपमधले कठपुतळीवाले बाहुल्या घेऊन समोर असायचे, नंतर त्यांच्या जागी प्राणी बसवले. जंगलासाठी भारतात येऊन फोटोंचा ढीग काढून नेला होता, आणि बरंच काम बंगळुरूत झालंय. शेवटी पाटी येते की चित्रीकरण डाउनटाउन लॉस एंजेलिसमध्ये, तेव्हा आमच्या थेटरात लोक हसले होते. ऑस्कर मिळालं ते व्हिज्युअल इफेक्ट्सचं आणि ते शंभर टक्के लायक होतं. ओली फर, फरवर चिखल, आणि त्या फरला पोराने मारलेली मिठी, या तीन गोष्टी ज्याने केल्यात त्याच्या पाया पडावं.

आता गावाचं. प्राणी बोलतात यावर प्रेक्षक विश्वास ठेवतो तो एका अटीवर, की शेजारी खरी माणसं फार नसावीत. मोगली एकटा असतो तोवर आपण त्याच्या कानाने ऐकतो. चार गावकरी आणून उभे करा, त्यांना तर प्राण्यांचं बोलणं कळणार नाही, मग लगेच डोळ्याला खटकायला लागतं की हा पोरगा डरकाळीला उत्तर देतोय. भट्टी बिघडते. मला वाटतं गाव गाळायचं खरं कारण हे असावं, किपलिंगचं राजकारण नंतरचं.

लोकल_८_४२ :

हे पटलं बुवा. पण मग २०१८चा अँडी सर्किसचा मोगली? नेटफ्लिक्सवाला. त्यात गाव आहे की, फ्रीडा पिंटो मेसुआ आहे. त्याचा प्रीमियर आपल्या मुंबईतच झाला होता. हिंदीत जॅकी श्रॉफ शेरखान, करीना 'का', माधुरी लांडगीण. नानाची सर कोणालाच नाही.

रेंडरबाज :

त्यात प्राण्यांना त्यांच्या नटांचे चेहरे मिसळलेत, बघीरात क्रिश्चन बेल दिसतो. मला ते बघवत नाही, पण गावातला भाग चांगला आहे.

मीनल_ठाणे :

तो आम्ही अर्ध्यात बंद केला. लेकीला तो पांढरा पिल्लू लांडगा फार आवडला होता, भूत नाव त्याचं, आणि मग शिकाऱ्याच्या झोपडीत त्याचं पेंढा भरलेलं डोकं! नऊ वर्षांची पोर ढसाढसा रडली. सिनेमाचा राग नाही, पण कोणीतरी आधी सांगायला हवं होतं की हा मुलांचा नाही.

पारिजात२२ :

मीनल, अगदी. पण मला तो सिनेमा त्या एका डोक्यासाठीच लक्षात राहिलाय. मोगली गावात रमायला लागलाय, तिथे लाड होतायत, शिकाऱ्याशी दोस्ती झालीये, त्या शिकाऱ्याचं नाव पण लॉकवुड ठेवलंय, किपलिंगच्या बापाचं, आणि मग त्याच दोस्ताच्या झोपडीत हे दिसतं. म्हणजे गाव वाईट नाहीये, तिथली माया खरी आहे, आणि तरीही. मला फॅवरोचं जंगल आणि सर्किसचं गाव असा एक सिनेमा हवा होता.

रेंडरबाज, तुमचा मुद्दा मी विचारच केला नव्हता असा आहे. तरी मी म्हणेन की खटकू दे. गावकऱ्यांना फक्त डरकाळी ऐकू येतेय आणि पोरगा उत्तर देतोय, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही घाबरलो असतो ना? चेटक्या कुठून आला ते तिथेच कळलं असतं, गावकऱ्यांना रानटी न ठरवता.

रेंडरबाज :

हं. हा शॉट मी करेन. बजेट द्या.

खडूस_दादरकर :

आत्ताशी कुठे धागा रुळावर आला. हा शॉट किपलिंगलाही सुचला नव्हता, मान्य.

जाता जाता वैनगंगेबद्दल कोणी बोललंच नाही. ज्या नदीकाठी हे सगळं घडतं ती सिवनीत उगम पावून पुढे आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात येते. शेरखानला मारलं ती दरी म्हणजे जवळपास सासुरवाडी आमची. तिकडच्या कोणाला अजून या धाग्याचा वास लागला नाही याचं आश्चर्य.

मीनल_ठाणे :

एक साधा प्रश्न, मोगलीचं शेवटी होतं काय? पुस्तकात. कोणाकडे राहतो?

पारिजात२२ :

दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी वसंतात त्याला करमेनासं होतं आणि तो परत मेसुआकडे येतो, ती आता दुसऱ्या गावात असते. पण खरी मजा पुढे आहे, किंवा आधी म्हणा, कारण ती गोष्ट किपलिंगने १८९३ला, जंगल बुकाच्याही आधी लिहिली होती. त्यात मोगली मोठा झालाय, जंगलात एका फॉरेस्ट ऑफिसरला भेटतो, ऑफिसरचा वरिष्ठ त्याचं जनावरांचं ज्ञान बघून चाट पडतो आणि त्याला वनखात्यात नोकरीला लावतो. पगार आणि शेवटी पेन्शन. लग्न पण होतं. लांडगे मात्र सोबत असतातच.

लोकल_८_४२ :

काय सांगताय!! मोगली वनरक्षक?? म्हणजे बोकाभाऊ बिबट्या आला म्हणून ज्याला फोन लावतात तो मोगलीच निघाला की.

बोरिवलीचा_बोका :

त्याने तरी फोन उचलला असता.

खडूस_दादरकर :

१८९३ची सरकारी नोकरी, म्हणजे पेन्शन जुन्या योजनेतली. पोरगं सुखात असणार.